यंत्राविना तपासणी : मुंबईतल्या एका प्रयोगाची वीस वर्षे

१९६३ साली न्यूयॉर्क आणि मुंबई या दोन शहरांत दोन कामे सुरू झाली. एकमेकांशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण स्तनाच्या कॅन्सरच्या इतिहासात दोन्हींची नोंद आहे. न्यूयॉर्कमध्ये हेल्थ इन्शुरन्स प्लॅन या विमा संस्थेने ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२ हजार सभासद स्त्रिया निवडल्या. त्यांतल्या निम्म्या जणींना दरवर्षी तपासणीला बोलवायचे, क्ष-किरणांनी स्तनाचा फोटो काढायचा आणि शिवाय डॉक्टरांनी हातानेही तपासायचे. उरलेल्या निम्म्यांनी नेहमीसारखे आपापल्या डॉक्टरांकडे जायचे. मुंबईत त्याच वर्षी इंडियन कॅन्सर सोसायटीने शहरातल्या कॅन्सरच्या रुग्णांची नोंदणी सुरू केली. न्यूयॉर्क रोग शोधू लागले, मुंबई तो मोजू लागली. मुंबईनेही रोग शोधायला घेतला तो पस्तीस वर्षांनी, आणि त्यासाठी वाट निवडली ती निराळी.

नोंदवहीने काय दाखवले

मुंबईत कॅन्सरच्या कामाला जागा होती. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियाने वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्तनिधीतून परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले. या रुग्णालयातले सर्जन डॉ. दाराब जस्सावाला यांनी नवल टाटांच्या साथीने १९५१ साली इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली होती. नोंदणीची कल्पनाही जस्सावालांचीच.

हे काम कारकुनी होते आणि चिकाटीचे होते. कॅन्सर झाला की सरकारला कळवलेच पाहिजे, असा काही नियम नव्हता. त्यामुळे सोसायटीची माणसे इस्पितळाइस्पितळांत जाऊन केसपेपर चाळत, महापालिकेच्या मृत्युनोंदी पाहत. एकच बाई दोन ठिकाणी दाखवायला गेली तर ती दोनदा मोजली जाऊ नये म्हणून नाव, वय, पत्ता ताडून बघत. भारतात एखाद्या शहराच्या संपूर्ण लोकसंख्येतला कॅन्सर मोजण्याचा हा पहिला प्रयत्न होता.

या आकड्यांतून पहिल्यांदा नजरेत भरली ती समाजासमाजांतली तफावत. पारशी स्त्रियांत स्तनाचा कॅन्सर इतर मुंबईकर स्त्रियांपेक्षा पुष्कळ जास्त होता, गर्भाशयमुखाचा मात्र कमी. पारशी मुली शिकत होत्या, उशिरा लग्न करत होत्या, पहिले मूल उशिरा होत होते आणि मुलेही कमी होत होती. स्तनाच्या पेशींवर स्त्री-संप्रेरकांचा प्रभाव जितकी वर्षे अखंड राहतो तितका धोका वाढतो. बाळंतपण आणि अंगावर पाजणे यांमुळे तो काहीसा कमी होतो. हे जगभरच्या अभ्यासांतून पुढे पक्के झाले. पारशी कुटुंबांत जे आधी घडले ते हळूहळू सगळ्या शहरात घडू लागले. १९९० च्या दशकापर्यंत मुंबईतल्या स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर मागे पडला आणि स्तनाचा पहिल्या क्रमांकावर आला. बार्शीला १९८७ मध्ये सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या ग्रामीण नोंदणीत मात्र चित्र उलटे होते. तिथे गर्भाशयमुखाचा कॅन्सरच मोठा होता.

इथे प्रतिबंधाची वाट अडते. मुलींनी शिकू नये, सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढावे आणि पाच-सहा मुले व्हावीत, असे कोणीही शहाणा माणूस सांगणार नाही. धोका वाढवणाऱ्या बऱ्याच गोष्टी खरे तर प्रगतीबरोबर आलेल्या आहेत. वय, पाळी सुरू होण्याची आणि जाण्याची वेळ यांवर कोणाचा इलाज नाही. आईकडून किंवा वडिलांकडून आलेला जनुकीय दोष शंभरातल्या पाच-दहा जणींतच कारण असतो. तोही कोणी निवडून घेत नाही. पाळी गेल्यावर वजन वाढू न देणे, अंगमेहनत किंवा व्यायाम, दारू टाळणे, पाळी गेल्यानंतरच्या हार्मोनच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वर्षानुवर्षे न घेणे, बाळाला अंगावर पाजणे, एवढ्या गोष्टी हातात उरतात. त्यांनी धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून दुसरी वाट, म्हणजे रोग लवकर शोधण्याची वाट, महत्त्वाची ठरते.

यंत्राचा विजय आणि त्यातला हाताचा वाटा

न्यूयॉर्कच्या प्रयोगाचे निकाल १९७० च्या दशकात येऊ लागले. सॅम शपिरो हे संख्याशास्त्रज्ञ, फिलिप स्ट्रॅक्स हे क्ष-किरणतज्ज्ञ आणि लुई व्हेनेट हे सर्जन, असे तिघे या प्रयोगामागे होते. स्ट्रॅक्स यांची पत्नी ऐन तारुण्यात याच रोगाने गेली होती. तपासणी झालेल्या गटात स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरले. स्वीडनमधल्या मोठ्या प्रयोगानेही १९८५ मध्ये जवळपास तेवढाच फायदा दाखवला. ब्रिटनने १९८८ मध्ये पन्नाशीपुढच्या स्त्रियांसाठी सरकारी खर्चाने मॅमोग्राफी, म्हणजे क्ष-किरणांची ही तपासणी, सुरू केली. श्रीमंत देशांत हे यंत्र तपासणीचे दुसरे नाव होऊन बसले.

न्यूयॉर्कच्या आकड्यांत एक गोष्ट होती, तिच्याकडे मात्र फार कोणी पाहिले नाही. तपासण्यांमध्ये सापडलेल्या १३२ कॅन्सरपैकी ४४ फक्त क्ष-किरणांनी सापडले होते, ५९ फक्त हाताने आणि २९ दोन्हींनी. म्हणजे दर तीनातले दोन हाताला लागले होते. श्रेय मात्र यंत्राला मिळाले. कॅनडात १९८० मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात ५० ते ५९ वयाच्या सुमारे ३९ हजार स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटाला मॅमोग्राफी आणि हाताची तपासणी, दुसऱ्याला फक्त हाताची काळजीपूर्वक तपासणी. १९९२ मध्ये पहिले निष्कर्ष आले तेव्हा दोन्ही गटांतले मृत्यू जवळजवळ सारखेच होते. या अभ्यासाच्या पद्धतीवर आणि यंत्रांच्या दर्जावर पुष्कळ टीका झाली. तरी प्रश्न उरलाच.

टाटा मेमोरियलचे सर्जन डॉ. इंद्रनील मित्रा यांनी तो उघडपणे विचारला. १९९४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात त्यांनी मॅमोग्राफीविना केवळ हाताच्या तपासणीची बाजू मांडली. भारतासारख्या देशात या युक्तिवादाला वजन होते. मॅमोग्राफीला महाग यंत्र लागते, वीज लागते, फोटो वाचणारा अनुभवी रेडिओलॉजिस्ट लागतो, आणि हे सगळे दर दोन वर्षांनी कोट्यवधी बायकांसाठी लागते. शिवाय भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे आधीच्या वयात जास्त दिसतो, आणि कमी वयात स्तनाच्या ऊती दाट असल्याने फोटोत गाठ लपून राहते. यंत्राला केसाएवढा बारीक दोषही दिसतो. त्यातले काही दोष आयुष्यभर त्रासही देणार नसतात, पण सापडले की ऑपरेशन ठरते. हाताला लागते ती बहुधा खरी गाठ. पण हाताने तपासले तर जीव वाचतात का, हे कोणीही सिद्ध केलेले नव्हते.

ते सिद्ध करणे सोपे नव्हते, हे फिलिपिन्समध्ये दिसले. मनिलात १९९५ मध्ये नर्स आणि दाया यांच्या हातून अशीच तपासणी सुरू झाली. दीड लाखांच्या आसपास स्त्रियांना ती देऊ केली, सुमारे साडेतीन हजार जणींत काहीतरी आढळले, आणि त्यांतल्या जेमतेम ३५ टक्के जणी पुढच्या तपासण्यांना गेल्या. घरी जाऊन समजावले तरी अनेकींनी साफ नकार दिला. पहिल्या फेरीनंतर प्रयोग थांबवावा लागला. नुसती गाठ सापडून उपयोग नसतो. सापडलेल्या गाठीमागे बाई इस्पितळापर्यंत पोहोचावी लागते.

मे १९९८

मुंबईत प्रयोग सुरू झाला तो मे १९९८ मध्ये. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने पैसा दिला, काम टाटा मेमोरियलने उचलले. शहरातल्या गरीब वस्त्यांमधून एकमेकांपासून वेगळे असे वीस भाग निवडले. कोणत्या भागात तपासणी करायची आणि कोणत्या भागात नाही, ते यदृच्छेने ठरवले. दोन्हीकडे दहा-दहा भाग. ३५ ते ६४ वयाच्या, आधी हा रोग न झालेल्या एकूण १,५१,५३८ स्त्रिया त्यात आल्या. ७५,३६० तपासणीच्या गटात आणि ७६,१७८ तुलनेच्या गटात. तपासणीच्या गटाला दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या मिळणार होत्या, त्यानंतर पाच वेळा दर दोन वर्षांनी घरभेटी. तुलनेच्या गटाला सुरुवातीला एकदा आरोग्यशिक्षण आणि मग आठ वेळा घरभेटी. गर्भाशयमुखाची तपासणीही याच प्रयोगात होती. पातळ ॲसिटिक ॲसिड लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी पाहायचे, अशी तिची स्वस्त पद्धत.

तपासणारे डॉक्टर नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या बायका निवडून, त्यांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका म्हणून घेतले होते. प्रयोगातला खरा पेच इथेच होता. तज्ज्ञाच्या हाताला गाठ लागते, यात नवल नाही. महिनाभर शिकलेल्या सेविकेच्या हाताला ती लागेल का?

ही तपासणी नीट करायची तर घाई चालत नाही. बाईला आधी बसवायचे. हात खाली सोडून, मग डोक्यावर नेऊन, मग कमरेवर दाबून दोन्ही बाजू समोरून पाहायच्या. एखादी बाजू नव्याने वर ओढली गेली आहे का, कुठे खळी पडते का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत झाली आहे का, स्तनाग्र आत वळले आहे का, त्यातून रक्तासारखा स्राव येतो का. मग तिला उताणे झोपवून त्या बाजूचा हात डोक्याखाली घ्यायला सांगायचे. मधल्या तीन बोटांची पेरे जुळवून लहान लहान गोल फिरवायचे. प्रत्येक जागी आधी हलका दाब, मग मध्यम, मग बरगडी लागेपर्यंत खोल. एकही पट्टा सुटता कामा नये. शेवटी काख आणि मानेखालच्या हाडावरची खळगी. कॅन्सरची गाठ बहुधा टणक असते, तिच्या कडा ओबडधोबड असतात आणि ती दुखत नाही. पण ती कॅन्सरची आहे की साधी, हे ठरवणे सेविकेचे काम नव्हते. पुढे पाठवायचे की नाही, एवढेच तिने ठरवायचे. पुढचे काम टाटामध्ये मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि सुईने घेतलेला तुकडा यांनी व्हायचे.

गाठ दुखत नाही, हीच वस्तीतली मोठी अडचण. दुखले तर बाई निदान बोलते. न दुखणाऱ्या गाठीसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून, पोरे कोणाच्या तरी हवाली करून इस्पितळात जायचे, तिथे परक्या माणसापुढे अंग उघडे करायचे आणि वर कॅन्सर निघाला तर नवरा काय म्हणेल, मुलीचे लग्न कसे होईल, या धास्तीत राहायचे. सेविका याच वस्त्यांत पुन्हा पुन्हा जात. घरातल्या सासूशी, नवऱ्याशीही बोलत. रोग निघाला तर उपचाराची सोय टाटामध्ये होती. मनिलात जी साखळी पहिल्याच कडीला तुटली ती मुंबईत टिकली. गाठ आढळलेल्यांतल्या बहुतेक जणी पुढच्या तपासणीला गेल्या. या काळात शहर मात्र स्थिर नव्हते. गिरण्या बंद झाल्या होत्या, झोपड्यांच्या जागी पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहत होत्या, माणसे उपनगरांत आणि त्यापलीकडे सरकत होती. अशा शहरात त्याच दीड लाख बायकांचा वर्षानुवर्षे माग ठेवणे हे तपासणीपेक्षाही अवघड काम होते.

आक्षेप

२०१३ च्या जूनमध्ये शिकागोत अमेरिकन कॅन्सरतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी गर्भाशयमुखाच्या तपासणीचे निकाल सांगितले. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. कौतुकाबरोबर वादही उठला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर तपासणी उपयोगी पडते हे पाश्चात्त्य देशांना पॅप चाचणीमुळे अनेक दशके ठाऊक होते. मग तुलनेच्या गटातल्या हजारो बायकांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, असा सवाल काही अमेरिकी आणि भारतीय टीकाकारांनी केला. देशात गरीब स्त्रियांसाठी अशी कोणतीही व्यवस्था नव्हती, त्यामुळे तुलनेच्या गटाला नेहमी मिळते तेच मिळाले, असे संशोधकांचे उत्तर होते. नेहमी मिळते तेच मुळात अपुरे असेल तर त्याला माप मानायचे का, हा प्रश्न त्या उत्तराने मिटत नाही. स्तनाच्या तपासणीची गोष्ट मात्र वेगळी होती. हाताच्या तपासणीने मृत्यू कमी होतात की नाही, हे तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हते. तुलनेशिवाय ते कळणारही नव्हते.

मुंबईचा प्रयोग चालू असतानाच स्वतः स्वतःची तपासणी करण्याच्या सल्ल्यालाही धक्का बसला होता. शांघायच्या ५१९ कापडगिरण्यांतल्या २,६६,०६४ कामगार स्त्रियांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. निम्म्या जणींना स्वपरीक्षण नीट शिकवून, उजळणी करून घेतली होती. त्या गटात मृत्यू १३५, दुसऱ्या गटात १३१. साध्या गाठींसाठीच्या शस्त्रक्रिया मात्र शिकवलेल्या गटात जास्त. आपल्या अंगात झालेला बदल ओळखता येणे चांगलेच, पण महिन्यातून एकदा आरशासमोर उभे राहिले की काम झाले, असे म्हणायला आधार उरला नाही.

२०२१ चा निकाल

मुंबईच्या प्रयोगाचा वीस वर्षांचा हिशेब फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तपासणीच्या गटात रोग सरासरी ५५.१८ व्या वर्षी सापडला, दुसऱ्या गटात ५६.५० व्या. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात पोहोचलेल्या रुग्ण पहिल्या गटात ३७ टक्के होत्या, दुसऱ्यात ४७ टक्के. म्हणजे दहावी शिकलेल्या सेविकेच्या हाताला गाठ लागते, आणि वेळेत लागते, हे पक्के झाले.

जीव वाचले का, याचे उत्तर इतके सरळ नाही. एक लाख स्त्रियांवर एक वर्ष लक्ष ठेवले तर तपासणीच्या गटात या रोगाने २०.८२ मृत्यू झाले आणि तुलनेच्या गटात २४.६२. घट १५ टक्क्यांची. पण एवढा फरक केवळ योगायोगानेही पडण्याची शक्यता संख्याशास्त्राच्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा थोडी जास्त होती, म्हणून सर्व वयोगट मिळून पाहता ही घट सिद्ध मानता येत नाही. पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांचे आकडे वेगळे काढल्यावर मात्र मृत्यू ३४.६८ वरून २४.६२ वर आलेले दिसले. ही घट जवळजवळ ३० टक्क्यांची, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये यंत्र आणि हात यांनी मिळून आणि स्वीडनमध्ये यंत्राने दाखवली तेवढी. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. वयाची ही विभागणी निकाल हाती आल्यावर केलेली होती, आधी ठरवलेली नव्हती. लेखकांनी ते लपवले नाही. म्हणून हा पुरावा आशादायक असला तरी शेवटचा शब्द नाही. तरुण वयातला रोग पुष्कळदा वेगाने वाढतो. दोन तपासण्यांच्या मधल्या काळातच तो पुढे निघून जातो, हे न दिसलेल्या फायद्याचे एक कारण असू शकते.

प्रयोग संपला, धोरण कुठे आहे

केंद्र सरकारने या निकालाची वाट पाहिली नव्हती. २०१६ मध्येच आरोग्य मंत्रालयाने तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची स्तनांची तपासणी दर पाच वर्षांनी, उपकेंद्रातल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकांच्या हातून. कल्पना मुंबईच्याच जातकुळीची, पण तपशिलात फरक आहे. मुंबईत तपासणी दर दोन वर्षांनी होती, इथे पाच वर्षांनी. मुंबईत एका सेविकेकडे हेच काम होते. इथे लसीकरण, गरोदर बायका, कुटुंबनियोजन, क्षयरोग आणि नोंदींचे रकाने सांभाळून उरलेल्या वेळात ते करायचे आहे. मुंबईत गाठ सापडली की पुढचे दार टाटाचे होते. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या उपकेंद्रातून पुढचे दार किती लांब आहे, ते तिथल्या बाईलाच ठाऊक.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तनांची तपासणी झालेल्या होत्या फक्त ०.९ टक्के. शंभरात एकही पुरती नाही. आणि २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण होतात आणि सुमारे ९८ हजार जणी दगावतात.

त्या सर्वेक्षणातली एक मर्यादा विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. त्यात स्त्रियांना प्रश्न विचारले जातात ते ४९ वर्षांपर्यंतच. मुंबईत ज्या वयाला हाताच्या तपासणीचा फायदा दिसला ते वय त्याच्या पुढच्याच वर्षी सुरू होते. पाळी गेली, मुले मोठी झाली की बाई सरकारी आरोग्यव्यवस्थेच्या नजरेतून जवळजवळ सुटते, कारण ती व्यवस्था उभी राहिली आहे बाळंतपणाभोवती. पन्नाशीपुढच्या बाईला नाव घेऊन बोलावणारे कोणी नाही, आणि ती आपणहून जाणार नाही, कारण तिची गाठ दुखत नाही. त्यामुळे आज उपकेंद्राच्या यादीत पन्नाशीपुढच्या बायकांचा वेगळा रकाना हवा, त्यांना दोन वर्षांनी पुन्हा बोलावण्याची तारीख हवी आणि गाठ आढळलेल्या प्रत्येकीबरोबर इस्पितळापर्यंत जाणारे माणूस हवे. बायकांना पुन्हा पुन्हा बोलावता येते आणि गाठ आढळलेल्यांना इस्पितळापर्यंत नेता येते हे मुंबईने वीस वर्षे खर्चून दाखवून दिले आहे, आणि या तिन्हींतल्या एकाही गोष्टीला परदेशी यंत्र लागत नाही.